धोंड्याचं पाकीट

तिसरं पत्र रजिस्टर पोस्टानं आलं आणि एकनाथराव सोळंक्यांची अर्धी दाढी तशीच राहिली. एका गालावर साबण, हातात पोस्टमनचं पेन आणि समोर तो इंग्रजी मजकूर. पहिल्या पत्रात वसुली कंपनी त्यांना ‘प्रिय ग्राहक’ म्हणाली होती, दुसऱ्यात नुसतंच ‘महोदय’. ती दोन्ही जाहिराती समजून त्यांनी न वाचताच ठेवून दिली होती. या पत्रात तिनं नमस्कार-चमत्कार सोडून थेट स्कूटरच्या नंबरापासून सुरुवात केली होती. आबिड्सच्या बाजारपेठेतल्या एका खाजगी कॉम्प्लेक्सच्या पार्किंग स्टँडवर आपली ही गाडी दीड वर्षापासून उभी आहे. तिचं भाडं, भाड्यावर दंड आणि दंडावर वसुलीचा खर्च न भरल्यास येत्या रविवारी आमचे अधिकारी आपल्या राहत्या घरी येतील. खाली रक्कम होती. तेवढ्यात तशीच एक जुनी स्कूटर आली असती आणि वर स्टेपनी.

“रविवारी?” सावित्रीबाई हात पुसत बाहेर आल्या. “रविवारी तर जावईबापू येवलालेत धोंड्याचं जेवायला!”

“म्हणून तर घाम फुटलाय.”

खरी गोम अशी होती, की ती स्कूटर जावईबापूंचीच होती. म्हणजे चालवायला जावयाची आणि कागदावर सासऱ्याची. लेक प्रियदर्शिनीच्या लग्नात एकनाथरावांनी आपली जिवापाड जपलेली स्कूटर हार घालून मांडवात उभी केली आणि किल्ली चांदीच्या वाटीतून प्रशांतच्या हातात दिली. गाडी त्याच्या नावावर करायची मात्र राहिली. त्यासाठी जावयाला आरटीओच्या रांगेत उभं करावं लागलं असतं, आणि सोळंक्यांच्या घरात जावयाला रांगेत उभं करत नसत. “घरातल्या घरात कसले कागद?” असं ते तेव्हा मोठ्या ऐटीत म्हणाले होते. रेल्वेत हेडक्लार्क असलेला माणूस, आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदांत चुका काढत आलेला. पण जावई म्हटलं की भल्याभल्यांचं डोकं चालत नाही.

आता त्यांना एकेक गोष्ट आठवू लागली. लेक-जावई गेलं दीड वर्ष तारनाक्याला सोळंक्यांकडे यायचे ते ऑटोनंच. कधी गाडी सर्व्हिसिंगला टाकलेली असायची, कधी पंक्चर, कधी मित्रानं नेलेली. शिवाय प्रशांतच्या नोकरीचाही काही थांग लागत नव्हता. रोज नव्या कंपन्या निघायचे ते दिवस. प्रशांत नोकरी बदलली की पेढे आणायचा, कंपनीचं नाव सांगायचा, आणि ते नाव सासऱ्यांच्या तोंडी बसायच्या आत पुढचे पेढे यायचे. हुद्दा मात्र दरवेळी एकच असे, एक्झिक्युटिव्ह. एक्झिक्युटिव्ह नक्की काय करतो हे एकनाथरावांना कळलं नव्हतं आणि विचारणं बरं दिसलं नसतं.

“सरळ विचारून टाकतो,” ते म्हणाले. “फोन करतो. जावईबापू, गाडी कुठंय?”

“काही नक्को!” सावित्रीबाई कडाडल्या. “अधिक महिन्यात जावयाला जाब विचारणार? त्यांच्या घरी कळलं तर पोरीला काय काय ऐकावं लागंल, काही कळतं का तुमाला?”

एकनाथरावांना ते कळत होतं, आणि त्याच्या पुढचंही कळत होतं. जावयानं गाडी अशी टाकून दिली ती कशापायी? पैशांची ओढ असेल का? पोरगी घरात काय सोसते आहे, आणि इथं येऊन हसून दाखवते आहे? उरलेली दाढी त्यांनी कशीबशी उरकली आणि ऑफिसला दांडी मारून आबिड्स गाठलं.

स्टँडच्या अगदी कोपऱ्यात, भिंतीला टेकून ती उभी होती. सीटवर मांजर व्यायलेलं होतं. ज्या गाडीला एकनाथराव रविवारी खोबरेल लावून पुसत, तिच्याकडे त्यांना बघवेना.

“हौ साब, येइच हय,” स्टँडवाला म्हणाला. “एक दुबले साब रख को गए, चष्मेवाले. बोले शाम कू आतूँ. अबीतक उनकी शाम नै हुई.”

चष्मेवाले आणि किडकिडीत, म्हणजे प्रशांतच. शंकेला आता जागाच उरली नाही.

“मैं पैसे अभी दे दूँ तो?”

“हमारे हात में कुछ नै साब. सेठ पूरा हिसाब कंपनी कू दे दिए. अब कंपनीवालेच आते आपके घर.”

एकनाथरावांनी रस्त्यापलीकडच्या एसटीडी बूथवरून कंपनीला फोन लावला. पलीकडून एक गोड आवाजाची मुलगी बोलली. फाईल अधिकाऱ्याकडे गेली आहे, पैसे आता तेच घेतील. “बेटी, संडे छोड़ के कोई भी दिन भेज दो,” एकनाथराव अगदी काकुळतीला आले. मुलगी म्हणाली, “सॉरी सर. कंप्यूटर में संडे फीड हो गया.” रेल्वेत त्यांनी खाडाखोड करून भलेभले हुकूम फिरवले होते, पण कंप्यूटरमध्ये खाडाखोड करता येते की नाही, हे तिलाही माहीत नव्हतं.

आता उरली ती पैशांची अडचण. सोसायटीतून कर्ज काढून त्यांनी धोंड्याच्या वाणासाठी, जावयाच्या सोन्याच्या अंगठीसाठी पैसे आणले होते. योगायोगानं कंपनीची रक्कमही जवळजवळ तेवढीच. अंगठी घेतली तर अधिकाऱ्याला द्यायला काही नाही. अधिकाऱ्याला दिले तर जावई धोंड्याला रिकाम्या हातानं परत. शनिवारी एकनाथराव सराफाकडे गेले, दुकानाच्या पायरीवर उभे राहिले आणि तसेच परतले. “अंगठी तयार नाही, उद्या देतो म्हणाला,” असं बायकोला सांगून त्यांनी पैशांचं पाकीट बंडीच्या आतल्या खिशात ठेवलं. पाकीट एक आणि घेणारे दोन. जो आधी हात पुढं करील त्याचं.

रविवारी दुपारी लेक-जावई ऑटोतून उतरले. प्रशांतच्या खांद्याला चामड्याची बॅग होती.

“गाडी?” एकनाथरावांच्या तोंडून निघून गेलंच. दारात उभ्या सावित्रीबाईंनी असे डोळे वटारले की शेजारच्यांनीसुद्धा खिडकी लावली असती.

“सर्व्हिसिंगला दिलीय, मामा,” प्रशांत चपला काढता काढता म्हणाला आणि प्रियदर्शिनी लगबगीनं आत गेली.

पानं वाढली. रिवाज असा की जावयाच्या पंगतीला सासऱ्यानं बसायचं. पण एकनाथराव फाटकातून हलेनात. अधिकारी आलाच तर त्याला गल्लीच्या तोंडाशीच गाठायचं, पाकीट द्यायचं आणि घरातल्या कुणाच्या कानावर जाऊ द्यायचं नाही, असा त्यांचा बेत होता. एवढ्यात हातात वही घेतलेला एक माणूस थेट त्यांच्यासमोर येऊन थांबला. “एकनाथराव गारू?” त्यानं तेलुगू अदबीनं विचारलं. एकनाथरावांनी त्याचा दंड धरला आणि त्याला पार कोपऱ्यावरच्या पानटपरीमागे नेलं. “देखो भाई, घर में जमाई है. इज्जत का सवाल है. जो भी है, यहीं ले लो!” माणूस घाबरला. तो केबलचं बिल मागायला आला होता.

केबलचे पैसे देऊन ते परतले, तर दारात सावित्रीबाई. “जावई पानावर ताटकळायलेत आणि तुमी केबलवाल्याच्या गळ्यात पडायलात! बसा म्हणते ना!”

एकनाथराव बसले. कान फाटकाकडे, एक हात बंडीच्या खिशावर. पुरण ते नुसतंच चिवडत होते.

“मामा, मी जरा लवकर निघंन म्हणतो,” प्रशांत म्हणाला. “इथंच तारनाक्यात एक काम आहे. इकडं यायचंच होतं, म्हणून मीच मागून घेतलं.”

“रविवारी कसलं काम?”

“एक पार्टी आहे. तीन पत्रं गेली, एकाचा जवाब नाही. एकदम अडेलतट्टू म्हातारा दिसतोय. पण मी प्रोबेशनवर आहे ना, मामा. आज वसुली केल्याशिवाय ऑफिसात तोंड दाखवता येत नाही.”

एकनाथरावांच्या हातातला अनारसा ताटात पडला. “वसुली?” त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही. “म्हातारा राहतो कुठं?”

“तेच तुमाला विचारणार होतो. तुमच्या ओळखीचा असंल.” प्रशांतनं डाव्या हातानं बॅगेतून फाईल ओढली, चष्मा सारखा केला आणि वाचू लागला. “स्ट्रीट नंबर आठ… रेल्वे क्वार्टर्सच्या मागं… श्री. ई. आर. सो…”

तो थांबला. त्यानं गाडीचा नंबर पाहिला. मग सासऱ्याकडे पाहिलं, मग सासूकडे. कानांच्या पाळ्यांपासून सुरू झालेली लाली चष्म्यापर्यंत येऊन पोचली.

“पत्रांवर सही तुमचीच का?” एकनाथरावांनी हळूच विचारलं.

“रोज तीनशे असतात, मामा. वाचतो कोण?”

“सांगून टाका हो,” प्रियदर्शिनी म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. “बाबा, त्या दिवशी गाडी चालू होईना म्हणून तिथं लावली. दुसऱ्याच दिवशी ह्यांना ट्रेनिंगला विजयवाड्याला पाठवलं. परत येऊन बघतात तर भाडं एवढं झालेलं. तुमची एवढी लाडकी गाडी… कुठल्या तोंडानं सांगायचं?”

पैशांची ओढ नव्हती, भांडण नव्हतं, नुसती लाज होती. एकनाथरावांच्या छातीवरचा धोंडाच उतरला. आठ दिवसांत पहिल्यांदा त्यांना कडकडून भूक लागली.

“ताटावर असल्या गोष्टी नक्को,” सावित्रीबाईंनी फर्मान काढलं. “आधी जेवा.”

जेवणं झाल्यावर चांदीचं ताट पुढं आलं. दिवा, तेहतीस अनारसे आणि मध्ये अंगठीची रिकामी जागा. सावित्रीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. एकनाथरावांनी बंडीतून पाकीट काढून त्या जागी ठेवलं.

“मामा,” प्रशांत पाकिटाकडे बघत चाचरत म्हणाला, “हे वाण आहे, का वसुली?”

“ते तुमी ठरवा, जावईबापू. आमचं काम देण्याचं.”

प्रशांतनं बॅगेतून पावतीपुस्तक काढलं, पैसे मोजले, पावती फाडून सासऱ्यांच्या हातात दिली आणि त्यांना वाकून नमस्कार केला.

स्कूटर टेम्पोत घालून तारनाक्याला आली आणि मांजराच्या पिल्लांसह पेरूच्या झाडाखाली उभी राहिली. तिच्याबद्दल जावयाला कुणी अवाक्षर बोललं नाही. पंधरवड्यानं कंपनीचं चौथं पत्र आलं. एकनाथरावांनी ते दाराआड नेऊन फोडलं. पण या वेळी ते पुन्हा ‘प्रिय ग्राहक’ झाले होते. आपल्याकडे आलेल्या अधिकाऱ्याची नोकरी कायम करायची आहे, तरी त्याच्या वर्तनाबद्दल आपलं मत मोकळेपणानं कळवावं, अशी विनंती होती.

“चांगलं लिहा,” सावित्रीबाई मागून म्हणाल्या. “पोरीच्या संसाराचा प्रश्न आहे.”

एकनाथरावांनी पेन उघडलं आणि टपोऱ्या अक्षरांत लिहिलं, की अधिकारी अत्यंत सभ्य असून घरच्या माणसासारखे वागले. मग सही करण्यापूर्वी त्यांची नजर खालच्या ‘इतर सूचना’ या रकान्यावर गेली. बायको आत गेल्याची खात्री करून घेऊन त्यांनी लिहिलं, ‘नोकरी जरूर कायम करावी. वाहन मात्र देऊ नये, बसचा पास द्यावा.’