सरळ माणसाची वाकडी फळी

"स्वयंपाकघरात बरण्या ठेवायला एक मांडणी हवी," एवढंच बायको म्हणाली होती. त्यावर फूटपट्टीसाहेबांनी सुताराला दारातूनच परत पाठवलं आणि लाकूड कापायचं छोटं यंत्र, बँडसॉ, विकत आणलं. फूटपट्टी हे नाव त्यांना ऑफिसात पडलं होतं, कारण समोरच्याचं टेबल जरा तिरकं दिसलं तरी त्यांचा रक्तदाब चढायचा. निवृत्तीनंतर ती सगळी वक्रदृष्टी घरावर वळली होती.

"मांडणी मी करणार. आणि लागणार दिवाणखान्यात! चार लोकांना दिसायला नको?"

"बरण्या दिवाणखान्यात?"

"मुद्दा बरण्यांचा नाहीच आहे!"

पहिली फळी त्यांनी यंत्रावरच्या आधारपट्टीला घट्ट टेकवून ढकलली. पट्टी पात्याला समांतर आहे, हे सुताराचा काटकोनी गुण्या लावलावून पाहिलं होतं. तरी पातं आपलं उजवीकडे निघालं आणि कड झाली केळ्यासारखी. साहेबांनी पात्याचा ताण वाढवला. पुन्हा केळं! मग जमीन उतरती ठरली, आणि यंत्राच्या पायाखाली बायकोची भाजी चिरायची फळी गेली. मग लाकूड बेइमान ठरलं. शेवटी बायकोच.

"तू मागे उभी राहतेस, म्हणून हात हलतो!"

"मी माळ्यावर होते हो."

वाकडी कड सरळ करायला पुन्हा कापायचं, ती वाकडी आली की पुन्हा. असं करता करता बरण्यांची फळी कपांपुरती उरली, मग साबणापुरती.

मेहुण्याचा डोळा पहिल्यापासून यंत्रावर होता. त्याचा फोन आला, "भाऊजी, जमत नसेल तर यंत्र मी नेतो. रविवारी गाडी घेऊनच येतो."

"ये! मांडणी बघायला ये!" साहेब गरजले. फोन ठेवल्यावर त्यांनी पाहिलं तर धड फळ्या दोनच उरल्या होत्या. त्यांची नजर हळूच लाकडी कपाटाकडे गेली.

"कपाटाकडे बघूसुद्धा नका," म्हणत बायको पुढे आली. पट्टी बाजूला सारून तिनं एका तुकड्यावर पेन्सिलीनं रेघ मारली आणि तो चालू पात्यातून हातानंच रेघेवरून नेला. रेघ धरायची तर तुकडा जरा तिरपा द्यावा लागत होता. तिथंच थांबून तिनं पट्टी तेवढीच तिरपी बसवली.

"अगं, वाकडी केलीस पट्टी!"

"पात्याला त्याची ओढ आहे. ती जाणार नाही. आपण तिच्या कलानं घ्यायचं."

"असला वाकडा कारभार माझ्या घरात..."

"ढकला."

साहेबांनी नाक मुरडून फळी ढकलली. कड अशी सरळ आली की गुण्याला नाव ठेवायला जागा मिळेना.

"हे कुठं शिकलीस?"

"संसारात," ती म्हणाली.

रविवारी मेहुणा रिकामी गाडी घेऊन आला. साहेब मांडणीशेजारी छाती काढून उभेच होते. "पट्टी जरा तिरपी ठेवायची असते. अनुभवानं कळतं बाबा!"

मेहुण्यानं बहिणीकडे पाहिलं. ती बरण्या पुसत होती.

"लावायची कुठं, भाऊजी?"

"दिवाणखान्यातच," बायको चटकन म्हणाली. "माझा हट्टच आहे. स्वयंपाकघरात मुळीच नको."

साहेबांच्या भुवया चढल्या. "हट्ट? बरण्या कुणी दिवाणखान्यात ठेवतं का? जरा डोकं चालव! मांडणी स्वयंपाकघरातच लागेल. माझा शब्द शेवटचा!"

"तुम्ही म्हणाल तसं," ती म्हणाली.

साहेब हातोडी घेऊन ताडताड स्वयंपाकघरात गेले. भिंतीवर खिळ्यांसाठी पेन्सिलीच्या खुणा आधीच करून ठेवलेल्या होत्या.