रंग ओला आहे

एका जंगलाच्या पार टोकाला एक उंच माळ होता. माळाच्या पलीकडे सापांचं राज्य सुरू व्हायचं. म्हणून माळावर मुंगसांच्या फौजेचं ठाणं होतं.

मुलांनो, ठाणं म्हणजे जिथे सगळे शत्रूची वाट बघतात आणि शत्रू येत नाही, अशी जागा. तरी वाट बघावीच लागते. त्याला पहारा म्हणतात.

जवान मुंगूस पुढच्या चौकीवर असायचे. त्यांची बायकापोरं मागे ठाण्यात, बिळांच्या रांगेत राहायची. बिळं सरकारी होती. म्हणजे सगळी सारखी होती आणि सगळीच लहान होती. आत शिरलेल्या मुंगसाला वळायचं असेल तर त्याला आधी बाहेर यावं लागायचं.

माळावर वारा फार. एकदा एक पोर वाऱ्याने उडालं आणि थेट सापांच्या हद्दीत पडलं. त्याला परत आणायला दोन्हीकडच्या साहेब लोकांची बैठक भरवावी लागली. पोर हवेत होतं तेव्हा ते कुणाच्या ताब्यात होतं, या मुद्द्यावरच सकाळ गेली. आणि वारा पडला की आकाशात ससाणे घिरट्या घालायचे. शेवटी हुकूम निघाला, की पोरांनी बाहेर खेळायचं नाही.

बाहेर खेळायचं नाही आणि आत जागा नाही. मग पोरं काय करणार? एकमेकांच्या शेपट्या चावायची.

या ठाण्यात हवालदार सर्जेराव मुंगूस यांची बायको गोजरा राहायची. तिला तीन पोरं. धाकटीचं नाव गुंजी. गुंजी आधी सगळ्यांच्या शेपट्या चावायची. मग तिने चावणं सोडलं. ती बिळाच्या तोंडाशी नुसती बसून राहू लागली. चावणाऱ्या पोराची आईला काळजी वाटत नाही, मुलांनो. गप्प बसलेल्या पोराची वाटते.

म्हणून गोजरा उठली आणि ठाण्याच्या मोठ्या साहेबांकडे गेली. साहेबांचं नाव कर्नल करकोचे. ते कायम एका पायावर उभे असायचे. दोन्ही पाय टेकले तर दोन्ही मळतात, असं त्यांचं म्हणणं होतं.

"सायेब," गोजरा म्हणाली, "पोरास्नी खेळाया येक मोठी खोली द्या. वर छप्पर आसलं म्हंजी झालं. मधी काय बी ठिवू नका."

"खोली?" कर्नलसाहेब म्हणाले. "अहो बाई, आम्ही हॉल बांधू! जंगलात कुठे नसेल असा मनोरंजन हॉल!"

"येवढं कशाला सायेब? निस्ती खोली..."

"तुम्ही काळजी करू नका. यातलं तुम्हाला काय कळतंय?"

आणि हॉल खरंच बांधला हो! सुगरण पक्ष्यांनी छप्पर विणलं. वाळव्यांनी भिंती उभारल्या. आत घसरगुंडी आली. झोपाळा आला, कॅरम आला. बसायला गवताचा मऊ गालिचा आला. दिव्यांसाठी काजवे नेमले, तेही पाळीने. ठाण्यातल्या सगळ्या बायका दारातून आत बघून आल्या आणि रात्रभर त्याच गोष्टी बोलत बसल्या.

सकाळी पोरं धावत गेली. दारात सुभेदार साळिंदर उभे. अंगावरचे काटे पॉलिश केलेले.

"मागं सरा!" सुभेदार म्हणाले. "उद्घाटन झालं न्हाई."

"कवा हाय उद्घाटन?" गोजराने विचारलं.

"जनरलसायेब येतील तवा. फीत कापल्याबिगर आत पाय ठिवायचा न्हाई, असा हुकूम हाय."

"आन् ते कवा येतील?"

सुभेदारांनी आकाशाकडे बघितलं. फौजेत असा प्रश्न विचारला की सगळे आकाशाकडेच बघतात.

जनरलसाहेब येणार येणार म्हणत राहिले आणि त्यांचं येणं पुढे पुढे जात राहिलं. दर वेळी ते येणार असं कळलं, की कर्नलसाहेब हॉलला नवा रंग लावायचे. भिंती पांढऱ्या, खालचा पट्टा गेरूचा. भोवतीचे दगडही रंगवायचे. झाडांचे बुंधेही. फौजेत जे हलत नाही ते रंगवतात. गुंजी एकदा हॉलच्या भिंतीशी बसल्या बसल्या पेंगली, तर तिलाही चुन्याचा पट्टा बसला. तो पुढे कितीतरी दिवस निघाला नाही.

दारावर पाटी लागली. 'रंग ओला आहे.' ती पाटी कधी उतरलीच नाही. तिलाही मधूनमधून रंग द्यायचे.

आता हॉलच्या मागे एक शेड होती. घसरगुंडी, झोपाळा, कॅरम हे सगळं ज्या लाकडी खोक्यांतून आलं होतं ती रिकामी खोकी त्या शेडमध्ये पडली होती. सोबत पेंढ्याचा ढीग. तिथे पहारा नव्हता. रिकाम्या खोक्यांना कोण पहारा ठेवतो?

पोरं तिथे शिरली.

काय सांगू तुम्हाला! खोक्याचा किल्ला झाला. खोक्याची बोट झाली. खोक्यात कुणी सापाचा राजा होऊन बसला, आणि त्याला बाकीच्यांनी धरून पेंढ्यात पुरला. गुंजीने खोक्यावरून पेंढ्यात उडी मारली. मग परत चढली, परत मारली. त्या दिवशी ती घरी आली ती थेट आईच्या शेपटीला चावली. गोजराच्या डोळ्यांत पाणी आलं. थोडं आनंदाचं, थोडं शेपटीचं.

पण पोरं खेळली म्हणजे आवाज होतो. तो कर्नलसाहेबांच्या कानावर गेला. ते टुकटुक चालत शेडपाशी आले.

"हा काय उकिरडा?" ते म्हणाले. "एवढा सुंदर हॉल असताना मुलं खोक्यांत? जनरलसाहेबांनी पाहिलं तर काय म्हणतील? जाळून टाका हे सगळं!"

"सायेब," सुभेदार म्हणाले, "जाळलं तर धूर व्हईल. रंग काळा पडंल."

यावर बराच विचार झाला. शेवटी असं ठरलं, की शेडवर ताडपत्री टाकायची, आणि जनरलसाहेब येऊन गेले की दुसऱ्या दिवशी खोकी जाळायची. तोवर पोरांनी परत बिळात.

गुंजी परत बिळाच्या तोंडाशी जाऊन बसली.

आता मात्र गोजराचा धीर सुटला. ठाण्यावर रसद घेऊन गाढवं यायची. जनरलसाहेबांच्या भेटीनंतर ती खाली जंगलात परतणार होती. गोजराने त्यांतल्या एका गाढवाला सांगून ठेवलं, "माजी आन् पोरांची जागा धर रं बाबा. म्या म्हायेरी चालले."

गाढव म्हणालं, "परत कधीचं सांगू?"

"परतीचं नगं," गोजरा म्हणाली.

यावेळी जनरलसाहेब खरंच येणार होते. त्यामुळे सुखी कुटुंब दाखवायला म्हणून सर्जेरावांना चौकीवरून बोलावून घेतलं. ते घरी आले तर बायको बोचकं बांधत होती.

"जातीस व्हय?" सर्जेराव म्हणाले.

"मग काय करू? पोरगी मुकी व्हायली माजी. तुमी तिकडं सापाकडं बगत बसता, आन् ती हिकडं वाऱ्याकडं."

सर्जेराव बोचक्यापाशी खाली बसले. सापापुढे न डरणारा गडी, पण बोचक्यापुढे त्याचं काही चालेना. म्हणाले, "सुट्टीत आलो तर पोरं दिसायची. आता त्ये बी न्हाई." आणि ते पोरीच्या अंगावरचा चुन्याचा पट्टा पुसत बसले. गोजराला फार वाईट वाटलं. नवरा चांगला असला की माहेरी जाणंही जड जातं.

ती पाण्याला म्हणून बाहेर पडली. वाटेत जांभळीचं झाड होतं. त्याच्याखाली एक कट्टा होता. पूर्वी बायका तिथे संध्याकाळच्या बसायच्या. मग एकदा कुणी मोठे साहेब आले, कट्ट्यावर टेकले आणि म्हणाले, "वा, काय छान सावली आहे!" झालं. दुसऱ्या दिवशी कट्ट्याला पांढरा रंग बसला, भोवती साखळी आली आणि पाटी लागली, 'सावलीत बसू नये.' तेव्हापासून ती सावली एकटीच बसते.

गोजरा त्या साखळीकडे बघत उभी राहिली. बराच वेळ उभी राहिली. मग पाणी न भरताच परत आली.

"काय झालं?" सर्जेरावांनी विचारलं.

"काय न्हाई," ती म्हणाली. पण तिची शेपूट आनंदाने हलत होती.

दुसऱ्या दिवशी जनरल अस्वलसाहेब आले. हे मोठं पोट, आणि छातीवर इतकी पदकं की चालताना भांड्यांचं दुकान पडल्यासारखा आवाज व्हायचा. त्यांनी फीत कापली. टाळ्या झाल्या. आत पोरं रांगेत उभी होती. सुभेदारांनी त्यांची आठवडाभर तालीम घेतली होती.

"खेळणार..." सुभेदार ओरडले, "खेळ!"

एक पोर घसरगुंडीवरून सरळ घसरलं. एक झोपाळ्यावर दोनच झोके घेऊन उतरलं. दोघांनी कॅरमची सोंगटी न हलवता कॅरम खेळून दाखवला.

"हस!"

पोरं हसली.

"थम!"

पोरं थांबली.

जनरलसाहेबांनी जांभई दिली. असे हॉल त्यांनी प्रत्येक ठाण्यावर बघितले होते. त्यांनी गुंजीला विचारलं, "काय बाळ, मजा येते का इथे?"

"व्हय सायेब, लई मजा येते," गुंजीने पाठ केलेलं सांगितलं. मग हळूच विचारलं, "आता जाऊ का?"

सुभेदारांचे काटे ताठ उभे राहिले. तेवढ्यात गोजरा पुढे आली. पदर सावरून म्हणाली, "सायेब, आसला हॉल तर समद्या ठाण्यावर आसतोय. पर आमच्या करकोचेसायबांनी पोरांसाठनं जी खरी सोय केलीया, ती मागं हाय. त्ये लाजत्यात म्हून सांगत न्हाईत."

कर्नल करकोच्यांचा वर धरलेला पाय खाली टेकला. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदा टेकला होता.

जनरलसाहेब मागे गेले. गोजराने ताडपत्री ओढली. पोरांनी खोकी बघितली मात्र, तालीम बिलीम सगळी विसरून ती आत घुसली. किल्ला झाला. बोट झाली. गुंजीने पेंढ्यात उडी मारली आणि अशी किंचाळली, की वरचे ससाणे दचकून दूर गेले.

जनरलसाहेब बघतच राहिले. मुलांनो, जनरलसुद्धा कधीकाळी जवानाचं पोर असतो. हे अस्वल अशाच एका ठाण्यावर, अशाच एका गुहेत भिंतीला पाठ लावून लहानाचं मोठं झालं होतं. त्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. टोपी काढून सुभेदारांच्या हातात दिली. आणि धप्पकन पेंढ्यात उडी मारली.

मग ते खोक्यात शिरले. मग ते खोक्यात अडकले. चार जवानांनी ओढून त्यांना बाहेर काढलं. पदकं सगळी पेंढ्यात हरवली होती.

"शाब्बास करकोचे!" जनरलसाहेब धापा टाकत म्हणाले. "याला म्हणतात मनोरंजन केंद्र! यातलं एक खोकं मुख्यालयात नमुना म्हणून पाठवा. आणि या जागेची नीट काळजी घ्या!"

"जी साहेब!" कर्नलसाहेब म्हणाले.

गोजराने पदर तोंडाला लावला. ती हसत होती.

जनरलसाहेब गेले आणि काळजी घेणं सुरू झालं. खोकी जाळायचा हुकूम रद्द झाला. प्रत्येक खोक्याला पांढरा रंग आणि खाली गेरूचा पट्टा बसला. पेंढ्याची एकेक काडी विंचरून ठेवली. भोवती साखळी आली. सुभेदार साळिंदर हॉल सोडून शेडच्या दारात उभे राहिले. आणि हॉलच्या दारावरची 'रंग ओला आहे' ही पाटी काढून शेडवर लावली, कारण ठाण्यात तशी पाटी एकच होती.

"सायेब," गोजराने जाऊन विचारलं, "मग त्या जुन्या हॉलचं काय करायचं?"

"कुठला हॉल?" कर्नलसाहेब खोक्यांवर नजर ठेवून म्हणाले. "तो होय! तिथे आता कोण येतंय बघायला? काय करायचं ते करा!"

पोरांनी काय करायचं ते केलं. गालिचा गुंडाळून त्याचा साप केला. कॅरमच्या सोंगट्या घसरगुंडीवरून सोडल्या. काजव्यांना लपाछपीत घेतलं. भिंतींवर जमिनीपासून छपरापर्यंत पावलं उमटली. बायकाही संध्याकाळी तिथे जाऊन बसू लागल्या. आणि गुंजी इतकी बडबड करू लागली, की गोजराला कधीकधी पूर्वीचे दिवस आठवायचे.

रसदीची गाढवं परत निघाली तेव्हा गोजराने धरलेल्या जागेवर ते नमुन्याचं खोकं बसून गेलं. सुभेदारांनी त्याला सलाम ठोकला.

पुढच्या सुट्टीत सर्जेराव घरी आले. घरात कुणीच नव्हतं. ते हॉलकडे गेले. आत हा कल्लोळ! पण फौजी वर्दी दारात दिसली मात्र, सगळी पोरं एकदम थांबली, रांगेत उभी राहिली आणि मोठ्याने भोकाड पसरून रडू लागली.

सर्जेराव घाबरले. "काय गं? काय झालं पोरांस्नी?"

"काय न्हाई वो," गोजरा कौतुकाने म्हणाली. "म्याच तालीम घेतलीया. कुनी बी सायेब दारात दिसला की रडायचं." मग पोरांकडे वळून म्हणाली, "गप रं, बाबा हाईत!"

पोरं गप्प झाली आणि बाबांच्या अंगावर तुटून पडली. त्यांच्या शेपटीला पहिला चावा गुंजीने घेतला.

तात्पर्य : चांगली सोय मिळाली तर ती वापरावी, पण तिचं कौतुक मोठ्या साहेबांच्या कानावर जाऊ देऊ नये. आणि मुलांनो, ही गोष्ट आवडली असेल, तर गुरुजींसमोर जरा रडून दाखवा.