कपाटाची नाडी

मुलीची नाडी आपणच मोजायची, असं नोंदणी कार्यालयातल्या कारकुनाने ठरवलं आणि तिथेच माशी शिंकली. शाळेचा कागद आला होता. पोहण्याच्या संघात जायचं तर मुलांनी पाच मिनिटं शांत पडून राहायचं आणि मिनिटाला ठोके किती, ते पालकांनी लिहायचं. शंभराच्या वर गेले तर डॉक्टर बघेपर्यंत पाण्यात उतरायचं नाही.

रविवारी दुपारी त्याने पडदे ओढले. मुलगी पलंगावर निपचित पडली. त्याने तिच्या मनगटावर अंगठा दाबला. (बावीस वर्षं लोकांचे अंगठे कागदावर उमटवून घेतलेला माणूस, बाकीच्या बोटांवर त्याचा विश्वासच नव्हता.)

एकशे आठ!

पंधरा वर्षांची पोर, आणि काळीज असं धावतंय?

"किती, बाबा?" डोळे मिटूनच तिने विचारलं.

"बोलू नकोस. परत मोजतो."

एकशे चौदा.

ताडून बघावं म्हणून तो बाहेरच्या खोलीत गेला. बायको सोफ्यावर झोपली होती. तिचे एकशे वीस. शेजारी आरामखुर्चीत सासूबाई घोरत होत्या. त्यांचे एकशे सव्वीस. सगळ्यांचे चेहरे शांत, पण आत काळजं पळत होती, आणि तो जितका घाबरे तितकी ती जोरात पळत. आपली भीती यांना झोपेतही कळतेय, असं त्याला वाटलं.

आधाराला त्याने कपाटाची कड घट्ट धरली. अंगठ्याखाली लाकूड धडधडत होतं.

"अगं ऊठ! कपाट जिवंत आहे!"

बायकोने एक डोळा उघडला. "मग त्यालाच सांगा चहा टाकायला."

दुसऱ्या दिवशी शाळेतल्या नर्सबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "अहो, अंगठ्याला स्वतःची नाडी असते. तुम्ही घरभर स्वतःलाच मोजत हिंडलात." त्यांनी दोन बोटं मुलीच्या मनगटावर ठेवली. "चौसष्ट. छान! या वयात ठोके कायम जास्त असले तर पुढे हृदयाला त्रास होऊ शकतो, म्हणून आधीच बघून ठेवतो. हिला खुशाल पोहू द्या."

कारकुनाचे डोळे भरून आले. बाईंनी मग त्याचंही मनगट धरलं, घड्याळ बघितलं, पुन्हा बघितलं आणि त्याला बाकावर आडवं केलं.

"एकशे बत्तीस! यांना एकटं सोडता येणार नाही. सोबत कोणी मोठं माणूस आहे का?"

"मी आहे ना," मुलगी म्हणाली, आणि पालकाच्या जागी सही करून तिने बापाला ताब्यात घेतलं.