कपाटामागचा आवाज

खेळाडू बारा, हेडफोन बारा, मनगटावर बांधायचे नाडी मोजणारे पट्टे बारा आणि खुर्च्या अकरा. बाराव्या खेळाडूला मी प्रिंटरच्या रिकाम्या खोक्यावर बसवलं आणि त्याची नाडी थोडी जास्त भरली तर ती खोक्याच्या खात्यावर टाकायची, असं ठरवलं. शास्त्राच्या पदवीधराला अशा गोष्टींचं भान असावं लागतं. मला ते आहे, हे नम्रपणे सांगतो.

आमची कंपनी व्हिडिओ गेम बनवते. कंपनी म्हणजे साहेब, दोन चित्रकार, एक प्रोग्रॅमर, एक लेखक आणि मी. नव्या गेममध्ये एक माणूस घरात एकटा राहतो आणि त्याच्या वस्तू कुणीतरी जागच्या हलवतंय असं हळूहळू त्याच्या लक्षात येतं. ते कोण, हे कळेपर्यंत खेळणाऱ्याचं डोकं फिरलं पाहिजे, ही लेखकाची इच्छा. लेखकाला आम्ही गूढराव म्हणतो. चहा घेणार का विचारलं तरी ते खिडकीबाहेर बघून म्हणतात, "घेणारा मी कोण?"

खेळाडूंची मतं गोळा करणं हे माझं काम. नोकरी सहा महिन्यांच्या बोलीवर होती आणि ते त्याच आठवड्यात संपत होते. मी साहेबांना छातीठोकपणे सांगितलं होतं, "लोक तोंडाने काहीही सांगतात. नाडी खोटं बोलत नाही. गेम नेमका कुठे घाबरवतो ते मी सेकंदासकट दाखवतो. नाही दाखवलं तर मला ठेवू नका."

"बघ हं," साहेब म्हणाले. "मी विसरत नाही."

चाचणी सुरू झाली. गूढरावांनी दोन वर्षं घासून लिहिलेलं आरशापुढचं स्वगत आलं. सगळ्यांच्या नाड्या खाली गेल्या. एकाची तर गाढ झोपेतल्या माणसासारखी.

"ही खोलवरची भीती आहे," गूढराव म्हणाले. "मनगटापर्यंत यायला वेळ लागतो."

मग नायकाने अंधारात कपाट उघडलं आणि माझ्या पडद्यावरच्या बाराही रेघा एकदम ताठ उभ्या राहिल्या. खोक्यावरचा खेळाडू खोक्यासकट खाली गेला. मला इतका आनंद झाला की त्याला उचलायचंही सुचलं नाही.

हेडफोन उतरवताच मतं सुरू झाली.

"तो बाईचा आवाज! कपाट उघडलं की मागून विचारते, 'काय शोधतोयस?'"

"आणि रागावत नाही हो. तेच भयंकर आहे."

"तिला उत्तर आधीच माहीत असतं."

"मी काही घेतलं नव्हतं, तरी खिसे चाचपले," खोक्यावरचा म्हणाला.

साहेब खूश होऊन गूढरावांकडे वळले. "ही कल्पना मला सांगितली नव्हती तुम्ही."

गूढरावांच्या लिखाणात तिथे कसलाच आवाज नव्हता, फक्त बिजागरीची करकर. त्यांनी डोळे मिटले. "तो नायकाचा अपराधभाव आहे. काही गोष्टी सांगायच्या नसतात."

मी मात्र गेमला दिलेली फाइल उघडून बघितली. ऑफिसातलं एकही कपाट करकरत नाही, म्हणून मी करकर घरी जाऊन रेकॉर्ड केली होती, स्वयंपाकघरातल्या कपाटाची. त्या कपाटाची बिजागरी वाजली की आमच्या घरी तो प्रश्न येतोच, गुरुत्वाकर्षणासारखा. मी प्रश्न कापून फाइल नीट केली होती. दिली मात्र न कापलेली.

"या नटीला बोलवा," साहेब म्हणाले. "आणखी दहा वाक्यं घेऊ. कोण आहे ती?"

"त्या फार निवडक काम करतात," गूढराव म्हणाले.

मी मध्येच बोललो. "साहेब, ती आई आहे."

"बरोबर ओळखलंस," गूढराव म्हणाले. "आईच. नायकाच्या मनातली."

"माझी," मी म्हणालो.

साहेब माझ्याकडे वळले. "म्हणजे तू चुकीची फाइल दिलीस. आणि मग ती कुठे घाबरवते ते मोजून दाखवलंस."

"सेकंदासकट."

"सोमवारी आईंना घेऊन ये. मग तुझं बघू."

आईने ठेवणीतले कपडे काढले. जिना उतरताना भेटेल त्याला सांगितलं, "मुलाच्या ऑफिसात माझ्यावाचून अडलंय." माझ्या मनगटावर पट्टा होता, कारण उपकरण आधी स्वतःवर तपासायचं असतं. ती त्यालाच धरून मला चालवत होती.

माइकपुढे उभी राहिल्यावर मात्र तिने छाती भरून असं काही "काऽय शोधतोऽयस" म्हटलं, जसं हरवलेल्या मुलाची घोषणा चालली आहे. प्रोग्रॅमरने जांभई दिली.

"ताई, तुम्ही काळाच्या पलीकडून बोलताय," गूढरावांनी समजावलं.

"मग मोठ्याने बोलू का?"

दुपार झाली. चौदा वेळा झालं. साहेब घड्याळाकडे बघून म्हणाले, "जमत नसेल तर सोडून देऊ. दोन्ही." 'दोन्ही' म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मला वाटलं, माइकची वायर बदलून बघावी. मी कोपऱ्यातलं कपाट उघडून आत डोकं घातलं.

"काय शोधतोयस?" मागून आवाज आला. मोठा नाही. रागाचा नाही.

"वायर."

"डोळ्यांसमोर आहे. नीट बघ."

होती. मी वळलो तर साहेब ताठ बसले होते, गूढरावांच्या हातातला चहा सांडला होता आणि प्रोग्रॅमरने माइक बंदच केला नव्हता.

साहेबांनी मला कायम केलं. दुसऱ्या चाचणीला आई स्वतः हजर राहिली. या वेळी खुर्च्या तेरा होत्या. बारा नवे खेळाडू एकदम दचकले तेव्हा तिने अभिमानाने माझ्या पाठीवर थाप मारली. घरी परतताना मात्र जिन्यावर शेजाऱ्यांना म्हणाली, "बाहेरचे बारा दचकतात. घरातल्या एकावर काडीचा परिणाम नाही."

अहवाल मी त्याच दिवशी पूर्ण केला. बारा खेळाडूंची सरासरी नाडी: आवाजाआधी चौऱ्याहत्तर, आवाजानंतर एकशे आठ. रेकॉर्डिंगच्या दिवशी माझ्या मनगटावरच्या पट्ट्यातली नोंद, "वायर" म्हणतानाची: एकशे सदतीस.