धुराड्याकडे तोंड करून

लोक सूर्याकडे तोंड करून प्राणायाम करतात. आमचे शेजारी इंगोलेजी हथखोजच्या कारखान्यांच्या धुराड्यांकडे तोंड करून करतात. गच्चीवर मांडी ठोकून, छाती भात्यासारखी फुगवून. वर मला हाक, "या ना भाऊ! फुकटचं आयरन आहे. तुमचा डॉक्टर गोळीचे पैसे घेते!"

इंगोलेजी कारखान्यात कारकून होते. भट्टी लांबूनच पाहिलेली, पण तोरा असा, की सगळं पोलाद यांनीच ओतलं. गच्चीवर वाळणाऱ्या पापडांवर काळी पूड बसली तर म्हणायचे, "मिरे टाकाची गरज नाही." आणि ते पापड खायचेसुद्धा!

पुढे त्यांना शुगर निघाली, मग हृदयात स्टेंट बसला. डॉक्टरांनी माझ्यासमोर समजावलं, की हवेतली बारीक धूळ आणि रसायनं फुफ्फुसातून रक्तात उतरतात, रक्तवाहिन्या खराब करतात, साखरेचंही गणित बिघडवतात. इंगोलेजी हसले. "धूर काय साखरेचं पोतं घेऊन येते, सायब?" दोष त्यांनी भाच्याच्या लग्नातल्या जिलेबीला दिला. अडाण्याला शिकवता येतं. अर्धवट शहाण्यापुढे हात टेकावेत. त्यांची बायको कुसुमताई हृदयविकाराने गेली, तेव्हाही हे "फार काळजी करे ते" एवढंच बोलले होते.

पण परवा त्यांनी कहर केला. मुलगी रूपा सासरी अमरावतीला. पहिलं बाळंतपण, म्हणजे रीतीप्रमाणे माहेरी यायची. या गृहस्थांनी फोनवर कळवलं, "येऊ नको, घराले रंग देऊन राहिलो." घरात ना रंग, ना रंगारी! अख्ख्या गल्लीने तोंडात बोटं घातली. मी तणतणत गेलो.

"इंगोलेजी, आई नसलेली पोर ती! काही लाज?"

ते रूपाच्या खोलीत होते. खिडक्यांच्या फटींत ओली फडकी कोंबलेली. त्यांनी एक ओढून माझ्यासमोर धरलं. काळं झालं होतं.

"कालच धुतलं होतं. थांबतच नाही, भाऊ."

मग पलंगावर बसले. "तिची माय गोडाले हात लावत नोती. रोज पहाटे मीच गच्चीवर पाठवत होतो तिले, जा, ताजी हवा घे. आता पोरीलेही पोटात लेकरू असताना शुगर निघाली, बीपी आहे. कशी बोलावू इथं?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. "मग हेच सांगा ना तिला."

"सांगितलं तं विचारन ना ते," इंगोलेजी म्हणाले, "बाबा, मंग आईले इथं काहून ठेवलं होतं?"