मामाला ऊन द्या

यावलचे सोपानमामा वारके माघात वायुरूप झाले, आणि आता वैजूला उचलून बोहल्यावर कोण नेणार, याची घराला काळजी लागली.

तब्येतीचं म्हणाल तर मामा ठणठणीत होते. बोलत होते, थट्टा करत होते. फक्त ज्या खोलीत ठेवाल ती खोली भरून राहत. मोठ्या खोलीत मवाळ व्हायचे, लहान खोलीत कोंबलं की तापायचे. म्हणून त्यांची धाकटी बहीण द्वारकाबाई, म्हणजे वैजूची आई, हिनं त्यांना मधल्या खोलीत ठेवलं होतं, दाराच्या फटीत ओलं पोतं खुपसून. भाऊ कसाही असो, तो घराबाहेर सांडू द्यायचा नसतो.

पण लग्न होतं वैशाखात, आणि तेही उघड्या मैदानावर!

"तिथं सोडलं तर दादा पार बऱ्हाणपुरापर्यंत पसरेल," द्वारकाबाई म्हणाली. "मग कुठून गोळा करू?"

"मामा उचलणार नसेल तर मी बोहल्यावर चढत नाही," वैजू म्हणाली आणि फुरंगटून बसली. विहीणबाईंचाही निरोप आला की आमच्यात मामाच लागतो, काकाबिका चालायचा नाही. गुरुजींना विचारलं, तर ते शांतपणे म्हणाले, "मामा असावा, एवढंच आहे. कुठल्या अवस्थेत, याचं बंधन नाही. फक्त गळका नको."

तोडगा मामांनीच काढला. त्यांचं पंक्चरचं दुकान होतं. "ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाची ट्यूब पडलीय बघ. तीत भर मला."

द्वारकाबाईनं दार लावलं, पदर खोचला आणि हातपंप मारायला घेतला. पंप चटके द्यायला लागला.

"अगं ए द्वारके, हळू! तापलो ना मी!"

"लहानपणी माझ्या वेण्या ओढायचास ना? सोस आता."

शेवटी खोलीत नुसता त्यांचा खोकला उरला. तोही तिनं भरला.

लग्नाच्या दिवशी बोहल्याला लागून ट्यूब आडवी ठेवली, तिच्यावर पाट, पाटावर वैजू. मामा तापून फुगले की पाट बोहल्याच्या उंचीला येणार आणि वैजू पलीकडे पाऊल टाकणार, असं ठरलं होतं. पण विहीणबाई पडल्या मानपानाच्या पक्क्या. मुलीचा मामा उन्हात? छे! त्यांनी मांडवाचं कापड ओढून मामांवर सावली केली, सगळ्यात मोठा कूलर त्यांच्याकडे वळवला, वर ओला टॉवेल पांघरला.

मामा गार पडले. ट्यूब सुरकुतली आणि पाट जमिनीला टेकला.

"घटका भरत आली," गुरुजी म्हणाले.

वैजूचे डोळे भरून आले. द्वारकाबाईनं वाकून ट्यूबला कान लावला.

"द्वारके," आतून बारीक आवाज आला, "मान पुरे झाला गं. मला ऊन दे."

ती ताडकन उठली. विहीणबाईंना काय वाटेल याचा विचार न करता तिनं टॉवेल भिरकावला, कूलर बंद केला आणि मांडवाचं कापड ओढून बाजूला सारलं. खानदेशातलं वैशाखाचं ऊन, त्याला काय सांगावं लागतं! काळी ट्यूब टरारली. पाट हलला, उचलला गेला, बोहल्याला लागला. वऱ्हाड टाळ्या पिटू लागलं.

पण मामा कसले थांबतायत! वैजू आणखी वर, आणखी वर. नवरदेव हार घेऊन टाचा उंचावतोय, हात काही पोचेना.

"खाली आणा हो त्यांना!" विहीणबाई ओरडल्या.

"पोरीला दर दिवाळीला माहेरी पाठवाल?" ट्यूबमधून दणदणीत आवाज आला.

"पाठवू!"

"आणि आखाजीला?"

"अहो, पाठवू म्हटलं ना!"

मग द्वारकाबाईनं तांब्याभर गार पाणी भावावर ओतलं. मामा बेतानं उतरले, वैजूनं बोहल्यावर पाऊल टाकलं आणि लग्न लागलं.

निघताना वैजूनं ट्यूबला कडकडून मिठी मारली. तिनं दाबलं तसे मामा आक्रसले, आणि जितके आक्रसले तितके ऊबदार झाले.

"पुरे आता," मामा म्हणाले. "गाडी खोळंबलीय."

पण तिनं आणखी थोडं दाबलं.