पार्किंग लॉटमधली ॲबी

मॉरिसव्हिलच्या मराठी मंडळाला फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतली जुनी चर्च आणि मठ दाखवायचे, आणि तेही असे की परत आल्यावर 'एक पाहिलं की सगळी पाहिली' म्हणायची कुणाची हिंमत होऊ नये, असं अहिल्यानं ठरवून टाकलं होतं. अहिल्या प्रयोगशाळेत प्रथिनांचे स्फटिक मोजायची. बोलायची कमी, पण तिच्या मोजमापात चूक काढणारा माणूस अजून नॉर्थ कॅरोलिनात यायचा होता, निदान तिच्या मते!

अडचण एकच होती. सहलीला किमान दहा माणसं हवी होती आणि तिच्याकडे दोन होती: ती आणि तिचा नवरा देवदत्त. त्यातला देवदत्तही डळमळीत होता. कारण समोर होती चैत्रालीची कॅरिबियन क्रूझ, आणि क्रूझवर म्हणे जेवण बंदच होत नाही. मंडळाच्या गणपतीला, जेवणं झाल्यावर, हात वर करून निकाल लागणार होता.

"अगं, पण चर्चमध्ये करायचं काय?" चैत्रालीनं तिला मीटिंगमध्ये विचारलं होतं.

"चालायचं," अहिल्या म्हणाली.

"चालायला मॉल आहे की आपला."

तिथेच अहिल्याला युक्ती सुचली. लोकांना आधी चालवूनच दाखवायचं! उत्सव एका शाळेत असायचा आणि शाळेच्या मागचं मोठं पार्किंग रिकामं पडलेलं असायचं. त्यावर पट्टेसुद्धा नव्हते. गणपतीच्या दिवशी भल्या सकाळी तिनं तिथे बाराव्या शतकातली एक ॲबी, म्हणजे मठाचं मोठं चर्च, खडूच्या स्प्रेनं खऱ्या मापात आखली. दोरीचं दुसरं टोक धरून देवदत्त जांभया देत होता. मधोमध लांबलचक सभामंडप, दोन्ही अंगांना खांबांच्या ओळी, खांबांपलीकडे वाटा, टोकाला वेदी, वेदीला मागून वळसा घालणारी अर्धगोल वाट आणि त्या वाटेला पाकळ्यांसारखी चिकटलेली छोटी छोटी चॅपल, म्हणजे प्रार्थनेची दालनं. लोकांना परकं वाटू नये म्हणून तिनं वळणावर ठळक मराठीत लिहिलं, 'प्रदक्षिणा मार्ग', आणि बाण काढला. मग समाधानानं घरी गेली आणि पैठणी नेसून परत आली.

तेवढ्या वेळात पुढच्या पार्किंगचा ताबा ढोल-ताशा पथकानं घेतला होता.

"अहिल्या, शांतपणे ऐक," देवदत्त म्हणाला. "तुझ्या ॲबीत मिनिव्हॅन शिरल्यात."

ती धावली. पैठणीत जेवढं धावता येतं तेवढं. मागे पार्किंगप्रमुख राजाराम काका पिवळं जॅकेट घालून, एखाद्या सरसेनापतीसारखे हात करत उभे होते. मागच्या बाजूला पट्टे मारा म्हणून ते वर्षानुवर्षं कमिटीच्या मागे लागले होते. आज आखलेले पट्टे बघून त्यांनी लगेच सगळ्या गाड्या इकडे वळवल्या होत्या.

"ये ये. बघ, कमिटीनं शेवटी ऐकलं माझं," ते म्हणाले. "बाणसुद्धा काढलाय!"

खडसावायला आलेली अहिल्या गाड्याच बघत राहिली. गाड्या ॲबीच्या पश्चिमेकडच्या दारातून आत येत होत्या, डावीकडच्या वाटेनं पुढे सरकत होत्या आणि दोन खांबांमध्ये एकेक अशी सभामंडपात चपखल बसत होत्या. वेदीवर काकांनी मिरवणुकीचा गणपती असलेली गाडी उभी केली होती. तिच्यामागून वळताना लोक काचा खाली करत होते, छातीला हात लावत होते आणि मग उजवीकडच्या वाटेनं मागे येत होते. वयस्कर मंडळींना काकांनी चॅपल दिली होती. हॉर्न नाही, भांडण नाही. आरती वेळेवर सुरू झाली. मंडळाच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडत होतं!

पण आता चालून दाखवायला जागा कुठे उरली होती? जेवणं झाली, क्रूझचे झळाळते फोटो झाले आणि अहिल्याची पाळी आली. तिच्याकडे दाखवायला काहीच नव्हतं. तेवढ्यात काकांनीच माईक घेतला आणि विचारलं, हे पट्टे नेमके कुणी काढले?

"मी," अहिल्या म्हणाली. "पण डोकं माझं नाही. नऊशे वर्षांपूर्वीच्या भिक्षूंचं आहे. यात्रेकरूंची झुंबड यायची आणि मध्ये प्रार्थना चालू असायची. प्रार्थना मोडू नये आणि गर्दीही अडू नये, म्हणून त्यांनी ही फिरती वाट काढली. सकाळी तुम्ही गाडीतून गेलात ना, तीच."

लोक चक्क ऐकत होते. चैत्रालीची आई हळूच म्हणाली की तरीच आत शिरताना मन कसं निवांत झालं होतं. मग अहिल्या बोलतच राहिली, खांबांवर, कमानींवर, दगडावर पडणाऱ्या उन्हावर. इतकं सलग ती आपल्या प्रबंधाच्या परीक्षेतही बोलली नव्हती. हात वर झाले तेव्हा तिला मोजावे लागले नाहीत. क्रूझला एकच हात होता, चैत्रालीचा, आणि तोही अर्ध्यावर येऊन थबकला होता.

अहिल्याची मान इतकी ताठ झाली की देवदत्तला शेजारी जरा बुटकं वाटायला लागलं.

दुसऱ्या दिवशी राजाराम काकांचा फोन आला. सगळे येणार होते, चैत्रालीसुद्धा. काकांना फक्त एकच गोष्ट विचारायची होती.

"तिकडे ओरिजिनलमध्ये एका वेळी किती गाड्या बसतात गं?"

अहिल्या समजावायला लागणार, तोच फोनवर नव्या व्हॉट्सॲप ग्रुपची सूचना झळकली. काकांनीच काढला होता. त्याचं नाव होतं, 'फ्रान्स पार्किंग अभ्यास दौरा'.

तिनं ते नाव दोनदा वाचलं. सदस्य मोजले. दहाच्या कितीतरी वर होते.

"बऱ्याच बसतात, काका," ती म्हणाली.